होडीच्या कडेचा टायर आणि तांडेलच्या हातातला वॉकीटॉकी : भाड्याच्या बोटीत बसण्याआधी या दोन गोष्टी नक्की पाहा

डहाणू/तलासरी : १३ जानेवारी २०१८. शनिवार होता, दुसऱ्या दिवशी संक्रांत. डहाणूच्या पारनाका किनाऱ्यावरून सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट समुद्रात उलटली आणि तीन विद्यार्थिनींचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त पोरं होती, अंगात जाकिटं नव्हती, फोटो काढायला सगळे एका बाजूला आले, असं त्यावेळच्या बातम्यांत आलं. डहाणूत आजही कुणी बोटीचा विषय काढला की तो दिवस आठवतोच.

त्या दिवसाची एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. बाकीची पोरं वाचली, त्यात जवळपासच्या मच्छिमार बोटींचा मोठा वाटा होता. तटरक्षक दलाची जहाजं, विमानं आली, पण त्याच सकाळी मुंबईहून ओएनजीसीच्या तेलक्षेत्राकडे सात जणांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टरही डहाणूच्या बाजूला समुद्रात कोसळलं होतं. म्हणजे मोठ्या यंत्रणेला एकाच दिवशी दोन ठिकाणी धावायचं होतं. अशा वेळी हाकेच्या अंतरावरची दुसरी बोट हीच पहिली मदत असते.

मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला हेच दिसलं. गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, १५ जण गेले. प्रवासी १०० च्या वर होते. जे वाचले त्यातल्या बऱ्याच जणांना आसपासच्या बोटींनी उचललं. मुंबई बंदरात बोटींची सतत ये-जा असते, म्हणून ते झालं. उलट उदाहरण उजनीचं. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले. धरणाच्या पाण्यात लाटा नसतात, तिथं काय धोका, असं समजणाऱ्यांनी उजनी लक्षात ठेवावं.

आपल्याकडे दोन्ही प्रकारचं पाणी आहे. डहाणूची खाडी, बोर्डी, झाईचा किनारा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तलासरीतलं दापचरीजवळचं कुर्झे धरण, आणि थोडं पुढे सूर्या प्रकल्पाचं धामणी धरण. किनाऱ्यावर निदान मच्छिमारांच्या बोटी असतात. धरणात वारं सुटलं तर चारी बाजूंना नुसतं पाणी आणि डोंगर.

मग भाड्याच्या बोटीत बसणाऱ्यानं काय बघायचं? जाकीट आणि किती माणसं बसवली, हे पहिलं. त्यात तडजोड नाही. पण त्यानंतर दोन साध्या वस्तू आहेत, ज्यांच्याकडे प्रवासी बघत नाहीत आणि बरेच बोटवालेही दुर्लक्ष करतात. एक फेंडर, दुसरी दोन बाजूंनी बोलता येणारी वायरलेस, म्हणजे वॉकीटॉकी. वायरलेस दुसऱ्या बोटीला बोलावते आणि फेंडरमुळे ती दुसरी बोट तुमच्या बोटीला खेटून उभी राहू शकते. एक असून दुसरं नसेल तर काम अर्धंच होतं.

फेंडर म्हणजे काय? टायरच की!

बोट धक्क्याला किंवा दुसऱ्या बोटीला लागते तेव्हा मधे जी मऊ वस्तू टांगलेली असते, ती फेंडर. बाजारात रबराचे, हवा भरलेले लांबट फुग्यासारखे फेंडर मिळतात. आपल्याकडे धक्क्यावर आणि ट्रॉलरच्या कडेला दिसतात ते जुने टायर. काम एकच, धक्का झेलणं.

पण बरेचजण समजतात की फेंडर बोटीचा रंग वाचवायला असतो. रंग जाऊ द्या, माणसाचा हात वाचवायला तो आधी असतो. बोट धक्क्याला लागताना पुढं बसलेला माणूस काय करतो? हात नाहीतर पाय बाहेर काढून बोट थोपवायला जातो. दहा-बारा माणसं, इंजिन, टाकी धरून छोट्या बोटीचं वजन सहज दीड-दोन टन होतं. माणूस चालतो त्या वेगानं जरी ती आली तरी हातानं थांबत नाही. लाट आली की बोट खालीवर होते आणि बोट नि दगडी धक्का यांच्या फटीत बोटं, मनगट, पाऊल सापडतं. लहान मुलं तर कडेला हात ठेवूनच बसतात.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. फायबरची बोट रोज धक्क्याला घासली की कडेला बारीक केसाएवढ्या चिरा पडतात. वरून दिसत नाहीत, पण आत पाणी मुरतं. लाकडी बोटीत ठोके बसून फळ्यांच्या सांध्यातलं भरण सैल होतं. मग बोटीच्या तळाशी पाणी साचू लागतं. ‘थोडं पाणी येतंच की’ म्हणून डब्यानं उपसत बसलेला खलाशी दिसला तर समजा, हा रोग जुना आहे.

टायर वापरायला हरकत नाही, फुकटात किंवा चहाच्या पैशात पंक्चरवाल्याकडे मिळतो. पण नुसता अडकवला की झालं असं नाही. टायरमध्ये पाणी साचतं आणि तो जड होतो, म्हणून खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडायची. झिजलेल्या टायरमधून पोलादी तारा बाहेर आल्या असतील तर तो फेकायचा, कारण अशा तारा फायबर खरवडतात आणि पाण्यातून वर चढणाऱ्याचे हात फाडतात. छोट्या होडीला जीपचा टायर नको, ती एका बाजूला कलते. तिथं स्कूटर-मोटरसायकलचा टायर पुरतो. तोही नसेल तर गोणपाटात नारळाचं सोडण गच्च भरून, सुंभानं आवळून केलेली गुंडाळी चालते. ती भिजून कुजते, म्हणून हंगामात एक-दोनदा बदलावी लागते.

किती टांगायचे? लहान बोटीला एका बाजूला कमीत कमी तीन. सगळ्यात जाडा भाग जिथं धक्क्याला लागतो तिथं एक, त्याच्या पुढं एक, मागं एक. दोनच असले आणि बोट थोडी फिरली तर नेमका उघडा भाग आपटतो. विकतचे फेंडर घेणाऱ्यांसाठी बोटवाल्यांचा ठोकताळा असा की बोटीच्या दर पाच फूट लांबीला फेंडरची एक इंच जाडी. म्हणजे २० फुटी बोटीला चार इंच, आणि जाडा घेतला तर उत्तमच. दोरी अशी बांधायची की फेंडर धक्क्याच्या उंचीला येईल आणि खालचं टोक पाण्याला टेकणार नाही. गुरं खुंट्याला बांधताना टाकतात तशी दोन वेढ्यांची गाठ बरी, कारण उंची बदलायची झाली तर ती पटकन सुटते.

आणि बोट सुटली की फेंडर आत! हे बहुतेक ठिकाणी पाळलं जात नाही. बाहेर लोंबकळणारा टायर पाणी कापताना बोटीला एका बाजूला ओढतो, मच्छिमारांच्या जाळ्यात अडकतो आणि दोरी तुटली तर ती थेट पंख्यात जाते. भर पाण्यात पंखा अडकला की बोट वाऱ्याच्या मर्जीवर.

भरती-ओहोटीचा हिशेब

आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे दीड मजल्याएवढं पाणी काही तासांत खाली जातं. धक्क्यावर एकाच उंचीला टायर ठोकलेले असतील तर भरतीला ते उपयोगी, ओहोटीला बोट त्यांच्या खाली जाते आणि सरळ दगडाला घासते. त्याहून वाईट म्हणजे पाणी चढताना बोटीची कड टायरखाली किंवा धक्क्याच्या तुळईखाली अडकू शकते. खालून पाणी वर ढकलतं, वरून तुळई दाबते, आणि बोट तिरकी होऊन पाणी घेते. म्हणून धक्क्यावर टायर एकाखाली एक, दोन-तीन उंचीला किंवा लांब साखळीला टांगतात आणि बोटीचे स्वतःचे फेंडर वेगळे ठेवतात.

धरणात भरती-ओहोटी नाही, पण ऑक्टोबरला जिथं पाणी असतं तिथं मे महिन्यात चिखल असतो. चढ-उताराची जागा दर महिन्याला बदलते, तात्पुरत्या दगडांवर बोट लावली जाते. तिथं फेंडर नसले तर बोट थेट दगडावर.

चढताना बोट दोन्ही टोकांना बांधलेली हवी, पुढच्या टोकाला एकच दोरी असेल तर मागचं टोक फिरतं आणि मधे फट उघडते. एकेक जणानं चढायचं, पाय बोटीच्या मध्यावर ठेवायचा, लगेच खाली बसायचं. उतरतानाही तसंच. ‘चला चला, आलो’ म्हणत सगळे एका कडेला उभे राहिले की डहाणूच्या त्या बोटीची आठवण व्हावी.

मोबाईल आहे की, वायरलेस कशाला?

हा प्रश्न सगळेच विचारतात. मोबाईल जवळ हवाच. पण त्याच्या मर्यादा पाण्यावर लगेच कळतात. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. बोट उलटली की फोन आधी जातो. डोंगराआडच्या जलाशयात रेंज कधी दोन काड्या, कधी शून्य. आणि तलासरी, झाई, बोर्डी हा सीमेचा पट्टा आहे, फोनला टॉवर गुजरातच्या बाजूचा मिळू शकतो. म्हणून इथून ११२ ला फोन लावला तर पहिल्या वाक्यात ‘महाराष्ट्र, पालघर जिल्हा’ आणि तालुका, गाव सांगायचं, नंतर काय झालं ते.

पण सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. मोबाईलवर तुम्ही एका माणसाला सांगता. तो उचलेल, दुसऱ्याला सांगेल, तो तिसऱ्याला. वायरलेसवर एकदा बटण दाबून बोललं की त्या चॅनेलवरच्या सगळ्या बोटी एकदम ऐकतात. त्यातली सगळ्यात जवळची कुठली, हे तुम्हाला माहीत असायची गरज नसते. तिला स्वतःला माहीत असतं.

समुद्रात आणि मोठ्या खाडीत जहाजं-बोटी जो संच वापरतात त्याला मरीन व्हीएचएफ म्हणतात. त्यातलं चॅनेल १६ जगभर संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखून ठेवलेलं आहे. तटरक्षक दल, बंदरं, मोठी जहाजं तेच ऐकत असतात. हातातल्या संचाची ताकद साधारण ५ वॅट. टप्पा ताकदीपेक्षा उंचीवर ठरतो, कारण या लहरी सरळ जातात, डोंगर किंवा पाण्याच्या गोलाईपलीकडे वळत नाहीत. दोन माणसं दोन वेगळ्या बोटींत पाण्यापासून दोन मीटर उंचीवर संच धरून असतील तर कागदावर ११ किलोमीटरच्या आसपास टप्पा निघतो, प्रत्यक्षात निम्मा धरून चाला. बोटीत खाली बसून बोललात तर आणखी कमी. उभ्यानं, संच डोक्याच्या उंचीला धरून, अँटेना सरळ आभाळाकडे ठेवून बोलायचं.

मरीन व्हीएचएफला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा परवाना लागतो. बोटमालकानं तो काढायचा असतो, नुसता संच विकत घेऊन चालत नाही. विनापरवाना वापरता येतात ते कमी ताकदीचे छोटे वॉकीटॉकी, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले. पण ऑनलाइन मिळणारे सगळेच या पट्ट्यातले नसतात. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीसाठी नियमावलीच काढली, कारण परवाना लागतो हे न सांगता वॉकीटॉकी विकले जात होते. घेण्याआधी पट्टा आणि सरकारी मंजुरी वाचून घ्या.

धरणात चॅनेल १६ ऐकणार कोण?

बरोबर, कोणी नाही. कुर्झे किंवा धामणीच्या पाण्यातून चॅनेल १६ वर हाक मारली तर डोंगरापलीकडे ती जाणार नाही. तिथं वेगळी पद्धत लागते आणि ती सोपी आहे. जितक्या बोटी तितके संच, आणि एक संच काठावर, तिकीट फाडणाऱ्याजवळ. काठावरचा माणूस रेंज असलेल्या जागी बसलेला हवा, म्हणजे बोटीवरून वॉकीटॉकीवर हाक आली की तो मोबाईलवरून ११२ लावतो आणि दुसरी बोट सोडतो. छोटे विनापरवाना संचही अशा मोकळ्या पाण्यावर उपयोगी पडतात, फक्त जलाशयाच्या शेवटच्या वळणापर्यंत आवाज पोचतो का हे आधी बोट नेऊन तपासायचं. जिथं पोचत नाही तिथं भाड्याची बोट न्यायचीच नाही. ही सीमा काठावरच्या फळ्यावर लिहिली तर आणखी चांगलं.

काठावरच्या वहीत प्रत्येक फेरीला किती माणसं गेली हेही लिहिलेलं हवं. बोट उलटल्यावर पहिला गोंधळ आकड्याचा होतो, किती होते, किती निघाले. आकडा नसेल तर शोध कधी थांबवायचा हेच कळत नाही.

हाक कशी मारायची

बटण दाबायचं, एक सेकंद थांबायचं, मग बोलायचं. लगेच बोललं तर पहिला शब्द तुटतो आणि बऱ्याचदा तोच बोटीचं नाव असतो. बोलून झालं की बटण सोडायचं, नाहीतर समोरचं ऐकू येत नाही आणि चॅनेल सगळ्यांसाठी बंद होतं. घाबरलेला माणूस बटण धरूनच बसतो, म्हणून याची सवय आधी करावी लागते.

जीव धोक्यात असेल तर समुद्रात ‘मेडे’ हा शब्द तीनदा. इंग्रजी यायची गरज नाही, पुढचं मराठीत सांगितलं तरी चालतं. साधारण असं :

‘मेडे, मेडे, मेडे. बोट अमुक, बोट अमुक, बोट अमुक. डहाणू दीपगृहाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून एक किलोमीटर. बोटीत पाणी शिरतंय. माणसं १४, त्यात लहान मुलं ३. जाकिटं घातलेली आहेत. मदत पाठवा. ओव्हर.’

नाव, जागा, काय झालं, किती माणसं. एवढंच. जागा आधी सांगायची, कारण संच मधेच बंद पडला तरी जागा कळलेली असली पाहिजे. इंजिन बंद पडलं पण जीवाला लगेच धोका नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ तीनदा म्हणतात. उत्तर आलं की इतर बोटींनी त्या चॅनेलवर गप्पा मारायच्या नाहीत.

संच गळ्यात किंवा जाकिटाला अडकवलेला हवा. डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, पेटीत कुलूपबंद असलेला संच बोट उलटल्यावर तळाशीच जातो. घेताना पाण्यात टिकणारा, शक्यतो तरंगणारा घ्यावा. खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलं असेल तर तो एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकायला हवा असा त्याचा अर्थ.

मच्छिमारांकडे आता आणखी एक साधन येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरलाच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. ते उपग्रहावरून चालतं, मोबाईलची रेंज नसली तरी संकटाचा निरोप जातो आणि उलट निरोप येतो. पण ते मासेमारी बोटींसाठी. हौशी फेरी मारणाऱ्या बोटीत ते असेल असं गृहीत धरू नका. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा धावून येणाऱ्या मच्छिमार बोटीही पाण्यात नसतात, हेही लक्षात ठेवा.

मदतीला आलेली बोट लागते तेव्हा

आता पुन्हा टायरकडे. हाक ऐकून दुसरी बोट आली. दोन्ही बोटी हलताहेत, पाण्यात माणसं आहेत, सगळे घाईत आहेत. लाटेवर दोन बोटींच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि मधे माणूस सापडला तर बुडण्याआधी चेंगरतो. म्हणून येणाऱ्या बोटीनं आधी सगळे फेंडर एका बाजूला काढायचे, मग जवळ यायचं. पाण्यात माणूस असेल तर त्याच्या बाजूचं इंजिन बंद. प्रवाशांनी उठून त्या बाजूला धावायचं नाही, सांगेल त्या क्रमानं एकेक जायचं. पाण्यातल्या माणसाला वर चढायला दोरीनं घट्ट बांधलेला टायर पायरीसारखा कामाला येतो.

विचारायचं कुणाला, काय?

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यात इंजिनवाल्या बोटींची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं सक्तीची आहेत, बिनइंजिनच्या होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद आहे. खाडी-बंदरातल्या प्रवासी बोटींचं काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. कागद मागायला लाजू नका. ‘दादा, किती माणसांचा परवाना आहे?’ एवढं विचारलं तरी खरं तांडेल चिडत नाही, चिडला तर त्या बोटीत बसू नका.

सहल घेऊन येणाऱ्या सर-मॅडमनी किनाऱ्यावरच एक गोष्ट करून घ्यावी. तांडेलला म्हणावं, ‘एकदा वायरलेसवर काठाला आवाज द्या बघू.’ काठावरून उलट आवाज आला तर ठीक. ‘बॅटरी घरी राहिली’ असं उत्तर आलं तर पोरांना वाळूतच खेळू द्या.

समुद्रात काही झालं तर तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४. सागरी पोलिसांसाठी १०९३. कुठंही ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. बोटीत चढण्याआधी हे क्रमांक फोनमध्ये टाका, आणि काठावर थांबणाऱ्या घरच्या माणसाला बोटीचं नाव, नंबर आणि परतायची वेळ सांगून जा. सांगितलेल्या वेळेनंतर बोट दिसली नाही तर त्यानं तिकीटवाल्याकडे जाऊन वायरलेसवर विचारायला लावायचं, अंधार पडेपर्यंत थांबायचं नाही.